मंगळवारचा कातेल्लो

अनिएल्लो: ...आणि सही इथं, डॉक्टरीणबाई. खाली, कोपऱ्यात. वरचं सगळं भरलेलं आहे, तुम्हाला काही म्हणजे काही कष्ट नाहीत.

डॉक्टर: किती काळजी घेता हो माझी. बसा आधी. दोघंही बसा.

अनिएल्लो: बसायला वेळ कुठाय? टपरीला कुलूप घालून आलोय. बाहेर उन्हानं माणसं वाळतायत आणि कास्तेल्लामारेच्या चौकात पाण्याची टपरी बंद! लोक समोर बार्तोलोच्या बारमध्ये जाऊन बाटलीतलं पाणी पितील. प्लॅस्टिकच्या बाटलीतलं. हे पाप तुमच्या माथी.

डॉक्टर: घेतलं माथी. आता बसा. डॉन कातेल्लो, तुम्ही या खुर्चीत.

कातेल्लो: बसतो. मोठा ग्लास की छोटा, बाई?

डॉक्टर: काय म्हणालात?

अनिएल्लो: बघा! तुम्हाला गिऱ्हाईक समजतोय. हे आमचे थोरले बंधू. वय शहात्तर. चौदाव्या वर्षापासून टपरी यांनी चालवली, आता खुर्ची टाकून तिच्यापुढे झोपतात. करा सही.

डॉक्टर: थांबा. इथं लिहिलंय, ‘यांना दिवसरात्रीचे भान नाही, घरी सांभाळणे शक्य नाही, तरी पिमोंते येथील सिस्टरांच्या वृद्धाश्रमात कायमच्या निवासासाठी घ्यावे.’ कायमच्या.

अनिएल्लो: कायमच्या हा छापील शब्द आहे, तो काही आम्ही घातला नाही. खाट उद्या दुपारी बारापर्यंत राखून ठेवलीय. बारानंतर ती ग्रान्यानोच्या एका म्हातारीला जाणार. म्हातारी सामान बांधून दारात बसलीय म्हणे.

डॉक्टर: मला या गावात येऊन तीन आठवडे झालेत. तुमच्या भावाच्या कागदांवर माझ्या आधीच्या डॉक्टरांनी निदान लिहिलंय, तेही एकाच शब्दात. ‘वय.’

अनिएल्लो: हुशार माणूस होता.

डॉक्टर: फारच. स्वतःचं वय झालं म्हणून निवृत्त झाले. त्यांना मात्र कुणी पिमोंतेला नेऊन ठेवलं नाही, ते नातवंडांबरोबर मासे पकडतायत. काय होतं नक्की यांना?

अनिएल्लो: काय होत नाही ते विचारा. दिवसा घोरतो. रात्री तीन वाजता इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा. म्हणे गिऱ्हाइकं आली. परवा लिंबं पिळली, रस बादलीत ओतला आणि सालं ग्लासात घालून गिऱ्हाइकाला दिली. गिऱ्हाईक जर्मन होतं. त्याला वाटलं, असेल इथली पद्धत. खाल्ली बिचाऱ्यानं. वर फोटो काढला.

कातेल्लो: सभ्य माणूस होता.

अनिएल्लो: आणि सगळ्यांत मोठी नाचक्की सांगू? रविवारी भर चौकात यानं लिंबूपाणी पाय जुळवून प्यायलं!

डॉक्टर: पाय जुळवून. बरं. मी पादोव्हाची आहे, डॉन अनिएल्लो. पाय जुळवून प्यायलं तर काय होतं?

अनिएल्लो: पादोव्हा... म्हणजे वरच्या, उत्तरेकडच्या तुम्ही. तरीच. अहो, बुटांवर पडतं! गंधकाच्या झऱ्याचं थंड पाणी, त्यात दोन लिंबं, आणि अगदी शेवटी चमचा. चमचा पडला की ग्लास उसळतो, फेस हातभर वर येतो. पाय फाकवायचे, कंबरेत वाकायचं आणि एका दमात संपवायचं. बासष्ट वर्षं हा माणूस अख्ख्या गावाला ओरडत आला, “पाय फाकवा! पाय फाकवा!” मंत्र्याला ओरडला, बिशपला ओरडला. आणि रविवारी स्वतः... मोजे भिजले, तरी हसत उभा.

डॉक्टर: दुःखद आहे. डॉन कातेल्लो, इकडे बघा. आज वार कुठला?

कातेल्लो: उन्हाळा.

डॉक्टर: बरोबर, पण वार?

कातेल्लो: ते अनिएल्लोला विचारा. वार त्याच्याकडे असतात.

डॉक्टर: ठीक आहे. आता एका मिनिटात आठवतील तितक्या प्राण्यांची नावं घ्या. मी घड्याळ लावते. हं, सुरू.

कातेल्लो: प्राणी. कुत्रा. मांजर. मांदेली. मांदेली चालेल?

डॉक्टर: पळेल. पुढे.

कातेल्लो: ऑक्टोपस. कुत्रा...

अनिएल्लो: कुत्रा झाला की.

डॉक्टर: तुम्ही गप्प.

कातेल्लो: गाढव.

अनिएल्लो: माझ्याकडे बघून का म्हणतोस?

कातेल्लो: आठवायला सोपं जातं. ...कोंबडी. ...मोठा ग्लास की छोटा?

डॉक्टर: झालं मिनिट. सहा. निदान दहा तरी हवेत, पंधरा झाले तर मी खूश. आता दोन्ही हात पुढे. पंजे वर उचला, रस्त्यावर गाडी अडवतो तसे. बोटं पसरा. धरून ठेवा.

कातेल्लो: धरले.

डॉक्टर: धरून ठेवा म्हटलं.

कातेल्लो: मी धरलेत, बाई. तेच सोडतायत.

अनिएल्लो: वय.

डॉक्टर: वयानं हात थरथरतात. असे पंख मिटल्यासारखे गळून पडत नाहीत. ताप आला होता? उलटी? शी काळी होते?

अनिएल्लो: ताप नाही, उलटी नाही. आणि शी होईल तेव्हा रंग बघू ना. चार-चार दिवस पत्ता नसतो.

डॉक्टर: आणि पोट हे असं? ढोलासारखं?

अनिएल्लो: हल्ली वर्षभरात वाढलंय. बाकी अंगावर काही राहिलं नाही, सगळं पोटात गेलं. लिव्हर वाळलंय ना त्याचं. गाव म्हणतं दारू. पाणी विकणाऱ्यांच्या घरात दारू! अहो, दारू नाही, दोना ब्रिजिदा.

डॉक्टर: ही कोण?

अनिएल्लो: आमच्या गल्लीची इंजेक्शनवाली. आम्ही पोरं होतो तेव्हा सगळ्या गल्लीला सुई तीच टोचायची. काचेची एक पिचकारी, एक सुई. उकळायची म्हणे. रविवारी उकळत असेल. त्या सुईतून जंतू गेला याच्या लिव्हरात आणि साठ वर्षं फुकट राहिला. चार वर्षांपूर्वी नेपल्सच्या इस्पितळानं गोळ्या देऊन त्याला हाकलला, पण जाताना घराची वाट लावून गेला.

डॉक्टर: हे कागदावर ‘वय’च्या खाली कुठंच नाही. आणि तुमचं रक्त तपासलंय कुणी?

अनिएल्लो: माझं कशाला?

डॉक्टर: सुई एकच होती म्हणालात. जाताना देऊन जा. बरं, हे गोंधळणं रोज असंच असतं?

अनिएल्लो: मंगळवार सोडून.

डॉक्टर: म्हणजे?

अनिएल्लो: मंगळवारी हा शहाणा असतो. सकाळी पेपर वाचतो, सरकारला शिव्या घालतो, मी लिंबू आडवं कापतो म्हणून माझी अक्कल काढतो. बुधवारी जरा ढिला. गुरुवारी हे असं, बघताच आहात. नाटक आहे, दुसरं काय? रविवारी संध्याकाळी मेहुणे येऊन याला ग्रान्यानोला बहिणीकडे नेतात, सोमवारी टपरी बंद असते म्हणून. मंगळवारी सकाळी आणून सोडतात. बहिणीच्या घरी म्हणे प्रकृती ठणठणीत! मदालेना मला फोनवर म्हणते, “त्याला काही झालेलं नाही, तुलाच तो नकोसा झालाय.” सख्खी बहीण.

डॉक्टर: म्हणून हा कागद भरलात.

अनिएल्लो: मी? मी नाही भरला.

डॉक्टर: मग? अक्षर सुंदर आहे, म्हणून विचारते.

अनिएल्लो: माझी शाळा तिसरीत सुटली. माझं अक्षर बघाल तर त्यावरच उपचार सुरू कराल. अक्षर याचं आहे.

डॉक्टर: यांचं?

अनिएल्लो: गेल्या मंगळवारी भरलं. स्वतः बसनं पिमोंतेला जाऊन सिस्टरांशी बोलून आला, खाट बघून आला, खिडकीतून समुद्र दिसत नाही अशी तक्रारही करून आला. कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, “डॉक्टरची सही आण.” आता मदालेनाला हे सांगितलं तर ती विश्वास ठेवेल? तुम्ही ठेवलात?

डॉक्टर: अजून ठरवते आहे. डॉन कातेल्लो, हे तुम्ही लिहिलंत?

कातेल्लो: छान अक्षर आहे. कुणाला पाठवतायत?

डॉक्टर: तुम्हाला.

कातेल्लो: मला? अनिए, मला कुठं पाठवतोस?

अनिएल्लो: हे बघा! हे रोजचं. मंगळवारचा कातेल्लो म्हणतो, मला पोचव. गुरुवारचा कातेल्लो म्हणतो, मला का हाकलतोस. कालही रडला, पोरासारखा, दाराची कडी धरून. मी कुणाचं ऐकू? तुम्ही शिकलेल्या आहात, सांगा. सातांत एकाचं बहुमत होतं का?

डॉक्टर: मतमोजणी अजून बाकी आहे.

अनिएल्लो: करा सही. मला जमत नाही आता. वर्ष झालं.

डॉक्टर: एक मिनिट. मंगळवारचा माणूस कुठून येतो ते मला बघू द्या. बहिणीकडे काय खातात?

अनिएल्लो: तिच्याकडे? सकाळ-संध्याकाळ पांढरा राजमा घालून पास्ता. तिला दुसरं येतच नाही. अंडी. कोंबड्या आहेत तिच्या. आणि तिथं गेला की संडासातून बाहेर येत नाही, हे मेहुण्यांचं म्हणणं.

डॉक्टर: आणि तुमच्याकडे?

अनिएल्लो: माझ्याकडे पथ्य असतं! चुलतबहिणीनं सांगितलं, लिव्हरवाल्याला मांस म्हणजे विष, अंडी विष, डाळीदाणे विष. वर्षभर उकडलेला भोपळा आणि टोस्ट. जीव तोडून सांभाळतोय.

डॉक्टर: जीव तुटतोय खरा, फक्त तुमचा नाही, त्यांचा. दंड बघा त्यांचा. मनगटाएवढा झालाय. पुढे. पितात काय?

अनिएल्लो: हा काय प्रश्न झाला? पाण्याच्या टपरीवरचा माणूस काय पिणार? लिंबूपाणी.

डॉक्टर: ते उसळणारं. बहिणीकडेही?

अनिएल्लो: छे! मदालेना कॅमोमाइलच्या फुलांचा काढा पाजते. टपरीवर वाढली, तिला सोड्याचं नाव काढलं तरी...

डॉक्टर: कसलं नाव?

अनिएल्लो: सोडा. शेवटचा चमचा म्हटलं ना मघाशी? खायचा सोडा. त्याशिवाय उसळेल कसा?

डॉक्टर: डॉन अनिएल्लो, दिवसाला किती ग्लास?

अनिएल्लो: याला? चार. दिवसाचा पहिला ग्लास आम्ही विकत नाही, तो घरातल्या थोरल्याचा. आजोबांपासूनची रीत आहे. दुपारी पोट फुगलं म्हणतो तेव्हा एक. संध्याकाळी एक. आणि झोपताना एक, जड वाटू नये म्हणून. गिऱ्हाइकाला सपाट चमचा, याला शीग लावून. घरचा माणूस आहे.

डॉक्टर: वर्षभर?

अनिएल्लो: टपरीवर उभं राहणं त्याला जमेना तेव्हापासून. दुसरं काय देणार मी? मला तेवढंच येतं.

डॉक्टर: हं. आता मी जरा बोलते, तुम्ही मधे बोलू नका. जमेल?

अनिएल्लो: प्रयत्न करतो.

डॉक्टर: आपण मांस खा, दाणे खा, पोटात त्याचा कचरा होतोच. त्यातला एक म्हणजे अमोनिया. फरशी पुसायच्या औषधाला वास येतो ना, तोच. कचरा उचलला नाही की काय होतं, हे नेपल्सच्या आसपास कचऱ्याच्या ढिगांत दिवस काढलेल्यांना मी सांगायला नको.

अनिएल्लो: वरचे लोक टोमणा मारायला विसरत नाहीत.

डॉक्टर: मधे नाही बोलायचं. तर हा कचरा उचलणारं खातं म्हणजे लिव्हर. ते अमोनियाची पुडी बांधतं, तिला युरिया म्हणतात, आणि पुडी मूत्रपिंडाकडे पाठवतं. तिथून ती लघवीवाटे बाहेर. पण पुडी फुकट बांधली जात नाही. दर पुडीला लिव्हर रक्तातला थोडा सोडा वापरतं. तुमच्या डब्यातला तोच सोडा, आपल्या रक्तातही असतो. म्हणजे एका हातानं कचरा गेला, दुसऱ्या हातानं जास्तीचा सोडा गेला. उद्या रक्तच आंबट झालं, तर शहाणं लिव्हर पुड्या कमी बांधतं, सोडा वाचवतं आणि अमोनिया दुसऱ्याच वेष्टनात गुंडाळून मूत्रपिंडाला म्हणतं, हा तू परस्पर फेक. कोर्टात इतका समजूतदार माणूस मिळणार नाही.

अनिएल्लो: आणि याचं?

डॉक्टर: यांचं खातं संपावर आहे. कचरा उचलला जात नाही. सोडाही खर्च होत नाही. दोन्ही रक्तात पडून. आणि तिथं तुम्ही दिवसाला चार चमचे सोडा ओतता. शीग लावून.

अनिएल्लो: पण... सोड्यानं काय बिघडतं? पोटाला बरा असतो तो. सगळं नेपल्स पितं!

डॉक्टर: सगळ्या नेपल्सचं लिव्हर कामावर जातं. रक्त जरा आंबटाकडे असलं की अमोनिया बांधलेला राहतो, मेंदूच्या दारातून आत शिरत नाही. सोडा वाढला की तो मोकळा सुटतो, आणि मोकळा अमोनिया कुठल्याही दारातून जातो. मेंदूत गेला, की माणूस रात्री तीनला इस्त्रीचा शर्ट घालतो.

अनिएल्लो: लिंबू! लिंबू विसरलात तुम्ही! दोन लिंबं पिळतो मी, चांगली सोर्रेंतोची. आंबट जातंच की पोटात!

डॉक्टर: लिंबाचा आंबटपणा शरीर जाळून टाकतं, साखर जाळतं तसा. मागे राहतो तो सोडाच. ज्या फेसावर गाव टाळ्या वाजवतं, तेवढाच काय तो उडून जातो. आणि सोड्याबरोबर मीठ जातं, मिठानं पोटात पाणी साठतं, पोट फुगलं की तुम्ही म्हणता, काते, थांब, तुला एक ग्लास देतो.

अनिएल्लो: ...

डॉक्टर: डॉन अनिएल्लो, बोला काहीतरी. तुम्ही गप्प बसलात की मलाच कसंतरी होतं.

अनिएल्लो: वर्षभर. माझ्या हातानं. मदालेनाच्या घरी काढा, म्हणून शुद्धीवर. माझ्या घरी...

डॉक्टर: लगेच सगळं श्रेय घेऊ नका. दोना ब्रिजिदाचा वाटा आहे, चुलतबहिणीचा आहे, ज्यांनी ‘वय’ लिहिलं त्यांचाही आहे. तुम्ही रांगेत चौथे.

कातेल्लो: चव मात्र चांगली असायची, अनिए.

अनिएल्लो: तू गप्प बस!

डॉक्टर: ऐका आता. सोडा आजपासून बंद. नुसतं पाणी, वाटलं तर चिमूटभर साखर. भोपळा गाढवाला घाला.

कातेल्लो: गाढव मघाशी झालं.

डॉक्टर: झालं, बरोबर. यांना दाणे द्या, अंडी द्या, रिकोत्ता चीज द्या, थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि झोपताना काहीतरी खाऊनच झोपू दे. लिव्हर उचलत नाही तो अमोनिया थोडाफार दंडा-मांड्यांचं मांस उचलतं. तुम्ही पथ्यानं तेही झिजवलंत. आणि इस्पितळानं एक गोड औषध दिलं असणार. दाट, पाकासारखं.

अनिएल्लो: होतं. दोन आठवडे घेतलं, मग बंद केलं.

डॉक्टर: का?

अनिएल्लो: ...संडास.

डॉक्टर: तेच तर त्याचं काम. आतड्यात ते आंबट होतं, अमोनियाला तिथंच बांधून ठेवतं आणि बाहेर नेतं. दिवसातून दोन-तीनदा पोट साफ झालंच पाहिजे. झालं नाही तर डोस वाढवायचा.

अनिएल्लो: तुम्हाला परिस्थिती कळत नाहीये. टपरीला संडास नाही. चौकात संडास एकच, बार्तोलोच्या बारमध्ये. आमचं बोलणं बंद आहे बावीस वर्षं. यानं शपथ घेतलीय, बाटलीतलं पाणी विकणाऱ्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही.

डॉक्टर: म्हणजे मेंदू गेला तरी चालेल, उंबरा राहिला पाहिजे.

अनिएल्लो: तुम्ही हसाल. वरचे लोक हसतात. इज्जत आहे, डॉक्टरीणबाई.

डॉक्टर: मी अजिबात हसत नाहीये. औषधाच्या चिठ्ठीवर लिहून देते, ‘बार्तोलोचा संडास, दिवसातून तीन वेळा.’ शिक्का मारते. डॉक्टरच्या हुकमानं गेलं तर शपथ मोडत नाही.

अनिएल्लो: ...शिक्का स्पष्ट उमटवा. तो हुज्जत घालेल.

डॉक्टर: आता रक्त देऊन जा, दोघंही. रोज सकाळी मला फोन. जास्त झोपाळले, जागे होईनात, तर फोन नाही, सरळ इस्पितळ.

अनिएल्लो: आणि हा कागद? उद्या बारापर्यंत...

डॉक्टर: ज्यानं हा लिहिला त्याच्याशी माझी अजून भेट झालेली नाही. तो भेटल्यावर बोलू.

अनिएल्लो: खाट जाईल.

डॉक्टर: म्हातारी दारात बसलीय म्हणालात ना? झोपू दे तिला.

(सोळा दिवसांनी. तीच खोली. शनिवार सकाळ.)

कातेल्लो: बैल, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, घोडा, खेचर, साप, सरडा, बेडूक, घुबड, कावळा, खेकडा, मांदेली, तारली, सिंह. सिंह मी पाहिलेला नाही, पण नाव घ्यायला हरकत नसावी.

डॉक्टर: पुरे पुरे. सोळा, आणि अजून वीस सेकंद आहेत. हात पुढे. पंजे वर. ...छान. थांबली गाडी.

कातेल्लो: आपण पादोव्हाच्या, असं हा म्हणाला. मागच्या खेपेला मी आपल्याला ग्लास विचारला, तेही म्हणाला. माफ करा. छोटा विचारायला हवा होता, पादोव्हाचे लोक छोटाच घेतात.

अनिएल्लो: झाला सुरू. सोळा दिवस हेच ऐकतोय. काल मला म्हणाला, तू सुरी चमच्यासारखी धरतोस. एक शहाणा दिवस बरा होता, सात फार होतात.

डॉक्टर: आणि औषध? चिठ्ठीवरचं दुसरं औषध?

अनिएल्लो: विचारूच नका. पहिल्या दिवशी चिठ्ठी हातात धरून गेला, पोलीस वॉरंट घेऊन जातो तसा. बार्तोलोनं चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, पुन्हा वाचली आणि किल्ली दिली. आता थोरले बंधू दिवसातून तीनदा जातात. आणि नुसतं जाऊन येणं बरं दिसत नाही, म्हणून दर वेळी तिथं बसून गप्पा! बावीस वर्षांचं साठलेलं दोघं काढतायत. मी इकडं एकटा लिंबं कापतोय.

कातेल्लो: आडवी.

अनिएल्लो: ऐकलंत?

डॉक्टर: डॉन कातेल्लो, एक नीट ऐका. हे बरं झालेलं नाही, आवरलंय. लिव्हर आहे तसंच आहे. औषध चुकलं, पोट तुंबलं, ताप आला, की अमोनिया परत दार शोधेल. हे कधी तरी पुन्हा होईल.

कातेल्लो: समजलं.

डॉक्टर: अनिएल्लो, तुमचं रक्त स्वच्छ आहे. ब्रिजिदाबाईंनी तुमच्या वेळी सुई उकळली असावी.

कातेल्लो: ह्याला नेहमी मी पुढे करायचो. पहिली सुई याची, नंतर अख्खी गल्ली, शेवटी मी. मला सुईची भीती वाटायची.

अनिएल्लो: हे मला कधी सांगितलं नाहीस. मला वाटायचं, तू मला त्रास द्यायला ढकलतोस.

कातेल्लो: तेही होतंच.

डॉक्टर: बरं. आता हे. ओळखता?

कातेल्लो: माझं अक्षर.

डॉक्टर: आज मंगळवार नाही. तुम्ही शुद्धीवर आहात, हे मी लिहून देईन. सिस्टरांकडे दुसरी खाट रिकामी झालीय, मी विचारून ठेवलंय. आता तुम्ही स्वतः सांगा. सही करू की फाडू?

अनिएल्लो: मी बाहेर थांबतो.

डॉक्टर: थांबा इथंच.

कातेल्लो: बाई, मंगळवारी मला सगळं दिसायचं. बाकीचे दिवस मी कुठं होतो, मला ठाऊक नाही, पण मंगळवारी घर दिसायचं. याचा चेहरा दिसायचा. बुटाची नाडी बांधायला हा चौकात माझ्यापुढे गुडघे टेकायचा, सगळ्या गिऱ्हाइकांदेखत. आमचे वडील गेले तेव्हा हा नऊ वर्षांचा होता. याच्या नाड्या मी बांधल्यात. ते उलटं झालेलं बघवेना, म्हणून पिमोंतेला गेलो. याला नको होतो म्हणून नाही. मदालेनाला तसं सांगितलंय मी परवा. रडली. मग दाणे वाढले.

डॉक्टर: आणि आता?

कातेल्लो: आता नाड्या माझ्या मी बांधतो. पण तुम्ही म्हणालात ना, पुन्हा होईल. पुन्हा झालं तर पुन्हा हाच गुडघे टेकणार. तेव्हा मला विचारून उपयोग नाही. याला विचारा. अनिए, राहू का मी?

अनिएल्लो: हा काय विचारायचा प्रश्न आहे?

कातेल्लो: विचारलाय. उत्तर दे.

अनिएल्लो: बाहेर ऊन किती झालंय! टपरी बंद ठेवून इथं हे नाटक. डॉक्टरीणबाई, यांना समजवा.

डॉक्टर: मलाही ऐकायचंय.

अनिएल्लो: ...उद्या टपरी तू उघड, काते. मला जरा झोपायचंय.